माहेरची ओळ

माझ्या बाबांचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो, असं गावात म्हणत. खरं-खोटं करायला पलीकडे कोण गेलं होतं! पण मिठागराच्या बांधावरून परतताना ते कुणालातरी हाक मारायचे आणि ती आमच्या चुलीपर्यंत पोचायची, एवढं मी शपथेवर सांगेन. ती ऐकली की आय पेजेचं मडकं खाली उतरवायची, खोबरेलाची वाटी ओटीवर नेऊन ठेवायची आणि मला म्हणायची, "इजू, पानी काढ." दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून बाबांच्या पोटऱ्यांवर पांढरी खपली धरलेली असायची, टाचांना भेगा पडलेल्या असायच्या. आधी गोडं पाणी, मग तेल, मग पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मटण-कोंबडीला कुणीच शिवत नसे. आय बोंबीलही बंद करायची आणि चिंचेच्या सारावर घर चालवायची. बाबा कुरकुर करायचे, पण सार मागून मागून घ्यायचे. आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त. शेजारी मिरच्या कुटल्या जायच्या, आगगाडीची शिट्टी वाऱ्यावर लांबून यायची, संध्याकाळी देवळाची घंटा व्हायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो आणि मी अजून म्हणते. माझ्या सुनेला ते गावंढळ वाटतं, तर वाटू दे.

आमचं गाव ठाण्याहून घोडबंदरकडे जाताना खाडीच्या अंगाला लागतं. आता त्या रस्त्याने मोटारी धुरळा उडवत जातात. तेव्हा बैलगाडी गेली तरी पोरं मागे धावायची. गावाच्या दोन पाखाड्या, म्हणजे दोन वस्त्या. वरच्या पाखाडीत भातशेतीवाले, खालच्या पाखाडीत आम्ही मिठागरवाले आणि मासे मारणारे. फिरंग्यांच्या अमदानीत दोन्हीकडचे पूर्वज ख्रिस्ती झाले, एकाच देवळात त्यांची लग्नं लागली, आणि एकमेकांच्या मुली करून घेता घेता गाव नात्यांनी इतकं गुंतलं की भांडायला परका माणूस सापडू नये. दोन पाखाड्यांच्या मधोमध एक दगडी खुरीस उभा होता. क्रुसाला आमच्याकडे खुरीस म्हणतात. त्याच्या पायाशी मुलं गोट्या खेळायची, बायका डोक्यावरचा भारा टेकवून दम खायच्या, आणि बोटी समुद्रात जायच्या त्या दिवशी कुणीतरी तिथे पणती लावून जायचं.

येशूला क्रुसावर दिलं त्या शुक्रवारी दुपारी सगळं गाव या खुरसापाशी जमायचं आणि एक गाणं म्हणायचं. ते कुणी रचलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. खुरसाच्या एका अंगाला वरची पाखाडी उभी राहायची, दुसऱ्या अंगाला खालची. वरच्यांनी विचारायचं, खालच्यांनी सांगायचं. "खुरसाखाली उभी कोन?" असं वरचे विचारायचे. इवलेसे शब्द, पण छातीतला श्वास संपेपर्यंत ते ओढायचे. मग सगळे गप्प. नवा श्वास आत घेऊन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि मग आमच्या बाजूने, "आय उभी, डोळ्यां पानी." असं विचारत आणि सांगत ऊन खाडीवर उतरायचं. वाद्य नाही, टाळी नाही. पुढे मी शिक्षिका होऊन मुंबईत राहिले, तिथल्या मोठमोठ्या देवळांत लॅटिन गायन ऐकलं, अंगावर काटाही आला. पण आमच्या गाण्यातल्या त्या मधल्या गप्प राहण्याने जसा जीव आत वळायचा, तसा पुन्हा कुठे वळला नाही.

या गाण्याची एक कडक रीत होती. ओळ पाखाडीची. विचारणाऱ्यांनी उत्तर गायचं नाही, उत्तरवाल्यांनी प्रश्न घ्यायचा नाही. दुसऱ्याची ओळ तोंडात घेणं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं खाणं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या पाखाडीत गेली की तिची ओळही बदलायची. पहिल्याच उपासात सासू तिला सासरची ओळ शिकवायची आणि माहेरची तिने पुन्हा गायची नाही. गायलीच, तर ती नवऱ्याचं घर सोडून गेली असं समजत. शिवाय प्रत्येक बाजूला एक म्होरक्या. वरच्या बाजूला माझा सख्खा मामा इनास. खालच्या बाजूला बाबा, त्यांच्याआधी आजोबा. बाबांनी पहिला शब्द उचलल्याखेरीज खालच्या पाखाडीत कुणी तोंड उघडत नसे. माझी आय वरच्या पाखाडीची लेक. ती आमच्या बाजूला उभी राहून नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं, बिचारीला गाताच येत नाही.

मग देवळावरून भांडण लागलं. मुळात ते आमचं नव्हतंच. आमचे पाद्री पूर्वापार गोव्याच्या बिशपांच्या हुकमातले. मुंबईला दुसरे बिशप बसले होते, ते म्हणाले, पाद्री आमच्याकडून घ्या. वरच्या पाखाडीने घेतला आणि झावळ्यांचं छप्पर घालून वेगळं देऊळ उभं केलं. खालची पाखाडी जुन्याला चिकटून राहिली. प्रार्थना तीच, संत तेच, मेणबत्त्यासुद्धा ठाण्याच्या त्याच दुकानातल्या. पण फूट पडल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, खुरीस कोणत्या देवळाचा यावरून काठ्या निघाल्या आणि बाबांच्या चुलतभावाचा, पासकूकाकांचा, एक डोळा गेला. काठी कुणाची ते कधी कळलं नाही. बाबांनी मात्र मनात इनासमामाचं नाव पक्कं करून टाकलं. तेव्हापासून गाणं बंद, येणं-जाणं बंद, वाटेत समोर आलं तर बघणंही बंद. आयचं माहेर आमच्या ओटीवरून दिसायचं. तिची आई अंगणात वाळवण घालताना दिसायची, आणि आयला तिकडे पाऊल टाकायची मनाई. एकदा आजी तापाने फणफणली तेव्हाही बाबा म्हणाले, "तितं जायचं तर जा. मंग तितंच ऱ्हा." आयने त्या दुपारी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्यासाठी पाणी काढायला गेलेच नाही. तर ते आयनेच काढलं. तिचाही राग आला.

याच फुटीत रुझाय आत्याने खळ्यावरची बैठक सुरू केली. ही बाबांची मोठी बहीण, वरच्या पाखाडीत दिलेली, विधवा, मूलबाळ नाही. अंगाने काटकुळी आणि जिभेने फटकळ. तिचं भात झोडायचं खळं दोन पाखाड्यांच्या ऐन मध्ये होतं. मळणी उरकली की ते शेणाने सारवलेलं, भोवती कुडाचं कुंपण, वर झावळ्यांची सावली. काठ्या निघाल्या त्याच्या पुढच्या वर्षीचा उपास सुरू झाला तशी ती दुपारी तिथे सूप घेऊन बसू लागली. तांदूळ निवडायचे, एवढं निमित्त. पुरुष मिठागरात नाहीतर बांधबंदिस्तीला गेलेले असायचे. आधी एक शेजारीण आली, मग तिच्या ओळखीची दुसरी. येणाऱ्या बहुतेक सगळ्या माहेर तुटलेल्या, दोन्हीकडच्या सुना. समोरासमोर आल्या की पहिल्या दिवशी नुसत्या रडायच्या. आय मला सोबत न्यायची. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन; रडारड मला सोसत नसे, मी तांदळात डोकं घालून बसायचे.

आत्याचा कायदा सोपा होता. खळ्यात कुठल्या देवळाचं नाव काढायचं नाही आणि नवऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या नाहीत. आधी 'आमच्या बापा' आणि 'नमो मरिये' या प्रार्थना, मग गाणं, तेही हळू. "तुजाच आवाज तुना ऐकू येतो ना? मंग मोठा हाय तो," ती म्हणायची. "खाली आन. शेजारनीचा ऐकू येईस्तोवर खाली आन." हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. शेजारणीचा आवाज ऐकायचा म्हणजे तिचा श्वास कुठे तुटतो ते कळतं, आणि ते कळलं की तिच्यावर डूख धरून बसता येत नाही. मी करून पाहिलंय. आत्याचा दुसरा हुकूम ऐकून मात्र सुपं जागच्या जागी थांबली. ती म्हणाली, "हितं जिनं तिनं माहेरची ओळ गायची." बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने तर क्रुसाची खूण केली. शेवटी आयने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि विचारलं, "खुरसाखाली उभी कोन?" मी थक्क झाले. तो आवाज बारीक नव्हता, चाचरत नव्हता. भरीव, सरळ, बाबांच्या तोडीचा. इतकी वर्षं ही बाई तो चुलीपुढे बसून गिळत होती.

त्या चाळीस दिवसांत खळ्यावर जे उभं राहिलं त्याला काय म्हणायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं. मोठी माणसं त्याला प्रार्थनासंघ वगैरे म्हणतील. आम्ही नुसतं 'खळं' म्हणायचो. गाणं झालं की बायका थोडा वेळ डोळे मिटून बसायच्या, आणि उठताना पदराखालून काही ना काही हात बदलायचं. वरच्या पाखाडीतलं ताक खालच्या पाखाडीतल्या बाळंतिणीला पोचायचं. आयने घातलेलं लिंबाचं लोणचं आजीच्या पानात पडायचं. आजीचा ताप उतरला हे आम्हाला खळ्यात कळलं. आता तिथे पुरुषही बसतात, दोन्ही पाखाड्यांचे, आणि आपणच हे सगळं केलं अशा थाटात बसतात. बसोत. पण तेव्हा प्रत्येक दुपारी आम्ही तिथे चोरून जात होतो, आणि आयच्या तर घरावर निखारा ठेवलेला होता.

एके दिवशी बाबा मिठागरातून लवकर परतले. आम्हाला पत्ता नाही. आयने प्रश्न ओढला, बायका गप्प झाल्या, आणि त्या शांततेत मी सहज कुंपणाकडे बघितलं. कुडाखालच्या फटीतून दोन पाय दिसत होते. पोटऱ्यांवर पांढरी खपली, टाचांना भेगा. रोज पाणी घालते ते पाय मला कळणार नाहीत?  आयला खुणवावं तर तिचे डोळे मिटलेले. उत्तर झालं, आयने पुढचा प्रश्न घेतला, तिच्या माहेरचा, सासरी कधीच न गायचा. पाय हलले नाहीत. गाणं पुरं होईपर्यंत ते तिथेच होते. बायका डोळे मिटून बसल्या तेव्हा मी पुन्हा बघितलं तर फटीतून नुसती वाट दिसत होती.

त्या संध्याकाळी हाक आली नाही. बाबा आधीच ओटीवर बसले होते. मी पाणी आणलं तर त्यांनी पाय मागे घेतला. आय वाटी घेऊन बाहेर आली तसं ते म्हणाले, "कोनाची ओळ गात व्हतीस?"

"माजी," आय म्हणाली.

"तुजी ओळ हितली."

 आयने वाटी त्यांच्याजवळ ठेवली.

"आयक, मोनी," बाबा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आवाज इतका खाली होता की मी पुढे झुकून ऐकत होते. "शुक्रवारी आमी खुरसाकडं जानार. तुजा भाव पन येनार. पासकूचा डोळा मी इसरलो नाय. त्या दिवशी तू घरात बसायचं. भायर पाय टाकलास तर हा उंबरा तुना बंद. भावाकडं जा, नायतर शहाडला तुजी मावशी हाय, तिच्याकडं जा. पोरगी हितंच ऱ्हाईल."

पुढचे दिवस दोन्ही पाखाड्यांत त्या शुक्रवारचीच तयारी चालली होती. खुरीस आपला, तर अख्खं गाणंही आपणच गायचं, असं दोन्हीकडे ठरलेलं. वरच्या पाखाडीने मुंबईहून व्हायोलीनवाले मास्तर आणवले होते. त्यांनी उत्तराच्या ओळी आपल्या मनाने बांधून वरच्यांच्याच पोरांना शिकवल्या, म्हणजे खालच्यांची गरजच उरायला नको. रोज दुपारी तो किरकिराट वाऱ्याबरोबर आमच्या ओटीपर्यंत यायचा. बाबाही मागे नव्हते. त्यांनी स्वतः प्रश्न रचले आणि ते गायला पासकूकाकांना बसवलं, ज्यांना जन्मात कधी सूर सापडला नव्हता. एरवी आम्ही मायलेकी पोट धरून हसलो असतो. पण माळ्यावरून काठ्या खाली आल्या होत्या, त्यांना तेल लागत होतं, आमच्याच खोबरेलाच्या वाटीतलं. ठाण्याहून हवालदार येऊन दोन्हीकडे दम देऊन गेला. दोन्हीकडच्यांनी मान डोलावली आणि तो वळला तसे पुन्हा कामाला लागले. दोन्ही पाद्रींनी आपापल्या देवळात शांततेवर प्रवचन केलं, आणि ते दुसऱ्या बाजूला उद्देशून आहे असं दोन्ही बाजूंना वाटलं. खळ्यावर बायका गळत गेल्या. शेवटी बुधवारी आम्ही दोघी, आत्या आणि आणखी दोघीतिघी. आत्या म्हणाली, "शुक्रवारी आपून खुरसाखाली जाऊन बसू. दोगांच्या मदी. जिना येवाचं ती येईल." मग आयकडे बघून म्हणाली, "तू येव नको, मोनी. तुजं घर जाईल." आय तांदळातले खडे वेचत राहिली.

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी घंटा वाजत नाही, देवळात लाकडी खटखट वाजवतात. जुन्या देवळातून एक आणि नव्यातून एक, दोन्ही खटखटी एकमेकींवर आदळत होत्या. बाबांनी पेज घेतली, काठी घेतली, दाराशी थांबून आयकडे बघितलं आणि गेले. आयने भांडी विसळली, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली. मी दार अडवून उभी राहिले.

"आय, गेलीस तर घर जाईल," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"मंग?"

"नाय गेले तर तुजा बाप नायतर माजा भाव, कोनतरी पडंल. त्येच्यानंतर ह्या घरात मी काय करू? कोनाला तेल लावू?" ती म्हणाली. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तू ऱ्हा घरात. तुना त्याने काय सांगितलं नाय, तुजं घर हाय हे." मी राहिले नाही, हे सांगायला नकोच.

खुरसापाशी आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही रांगा उभ्या होत्या, पूर्वी राहायच्या तशाच, आपापल्या अंगाला. फक्त हातांत काठ्या. मध्ये हवालदार आणि दोन शिपाई, तिघेही घामाने निथळत होते. मास्तरांनी व्हायोलीन लावलं, वरच्यांनी प्रश्न ओढला, आणि तो संपायच्या आत खालून पासकूकाकांनी आपला नवा प्रश्न ठोकून दिला. मग वरच्यांची पोरं उत्तर गाऊ लागली, खालचे त्याहून मोठ्याने आपलं उत्तर गाऊ लागले. दोन्हीकडचे आवाज चढत गेले. शब्द कळेनासे झाले, सूर तर केव्हाच मेला होता. गळ्याच्या शिरा फुगलेले, लालभडक झालेले ते सगळे माझे काका आणि मामा होते. कुणीतरी पासकूकाकांच्या डोळ्यावरून काहीतरी बोललं. बाबांची काठी वर झाली, समोरून इनासमामाची वर झाली.

आत्या त्या दोघांच्या मधून चालत गेली आणि खुरसाच्या पायरीशी मातीत बसली. तिच्या मागून एक बाई, मग वरच्या घरांतून दोघी, खालच्या वाटेने आणखी काहीजणी. बुधवारी न आलेल्याही आल्या. त्या बसत गेल्या आणि काठ्यांना जागा उरली नाही. आय सगळ्यांच्या पुढे, बाबांच्या समोर जाऊन बसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर राग होता की भीती, मला सांगता येणार नाही.  पुरुषांचं गाणं अडखळलं, विस्कटलं, थांबलं. व्हायोलीन एकटंच थोडं वाजून गप्प झालं. मग आयने, भर गावात, दोन्ही पाखाड्यांसमोर, माहेरची ओळ घेतली. "खुरसाखाली उभी कोन?" हळूच म्हणाली, खळ्यात म्हणायची तसं. तिचा श्वास संपला.

आता उत्तराची ओळ. ती बसलेल्यांपैकी निम्म्या बायकांना येत होती. खुद्द आत्याच्या माहेरची ती, खळ्यात ती रोज गायची. पण इथे त्या ओळीचा धनी समोर उभा होता. कुणी तोंड उघडलं नाही. एक श्वास झाला, दुसरा झाला. सगळं गाव बाबांकडे बघत होतं. मास्तर परक्या गावचे, त्यांना वाटलं कुणीतरी चुकलं. त्यांनी गज उचलला, तर इनासमामाने त्यांचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. पासकूकाका एका डोळ्याने बाबांकडे बघत होते. बाबांच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली झाली. मी मनात म्हणत होते, गा, बाबा, गा. खाडीला भरती लागली होती, दगडांवर पाण्याचा आवाज येत होता. बाबांनी काठी खाली केली. मग पाठ फिरवली आणि घराच्या वाटेने चालू लागले.

ते गेल्यावर गाणं पुढे जाणं शक्यच नव्हतं, आणि प्रश्न तर विचारून झालेला. म्हणून कुणीच काही केलं नाही. बायका डोळे मिटून बसल्या. हळूहळू पुरुषही उकिडवे बसले, कारण बसलेल्या बायकांवर काठी घेऊन उभं राहणं फार वेळ जमत नाही. हवालदाराने शिपायाला विचारलं, "संपलं का रे ह्यांचं?"  ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा आत्याने क्रुसाची खूण केली आणि उठली. पुरुषांनी काठ्या सरपणासारख्या बगलेत मारल्या आणि आपापल्या वाटेला लागले. पुढे लोक म्हणू लागले की बायकांनी त्या दिवशी गाव वाचवलं. वाचवलं वगैरे काही नाही. दोन देवळं पुढेही कितीतरी वर्षं वेगळीच राहिली. त्या दुपारी कुणाचा जीव गेला नाही, एवढंच, आणि तेवढ्यासाठी माझी आय घराबाहेर पडली होती.

घरी आलो तर दार आतून लावलेलं. बाबा शब्दाचे पक्के. मी दार ठोठावलं, लाथ घातली, ओरडले. आयने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः ओटीच्या कडेवर बसली. आत हालचाल नव्हती. थोड्या वेळाने अंगणात इनासमामा येऊन उभा राहिला, कितीतरी दिवसांनी आमच्या अंगणात. "चल, मोनी," तो म्हणाला. "आय वाट बघतेय तुजी. तुना त्या घराची गरज नाय." आय म्हणाली, "तू आज मास्तरांचा हात धरलास, ते बरं केलंस. पन मी आज तिकडं आले तर गाव म्हनंल, ओळीच्या मागनं बाई पळाली. मंग एक बी सून खळ्यावर येनार नाय. तू जा." मामाने बंद दाराकडे बघितलं. मग गेला, पण अगदी सावकाश, वळून वळून बघत.

दिवे लागायच्या वेळेला कडी निघाली. बाबा दारात उभे राहिले. एकदम म्हातारे दिसले मला.

"आत ये," ते म्हणाले. "पोरगी उपाशी हाय."

आय उठली नाही. "येतंय," ती म्हणाली. "पन खळ्यावर जानं मी सोडनार नाय. ते सोडायचं असंल तर आताच सांगा. भाव लांब गेला नसंल."

मला वाटलं, झालं, संपलं. बाबा उंबऱ्याकडे बघत राहिले, जणू तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. मग त्यांनी विचारलं, "मी खुरसाकडनं आल्यावर माजी ओळ कोनी घेतली?"

"कोनी नाय."

"रुझायनं पन नाय?"

"नाय. खुरसाखाली ओळीचा धनी तुमी. मंग ती कशी घेनार?"

बाबांनी दारावरचा हात काढला.

"मंग आता खळ्यावर पन कोनाला घेव देव नको," ते म्हणाले. "मी येईस्तोवर." आणि ते बाजूला झाले.